कपाटातला कापूर

धातू आणि सेंद्रिय रेणूंची जाळी विणून मी तीन वर्षांत गॅस शोषणारी भुकटी घडवली होती. परवाच तापवून तिची सूक्ष्म छिद्रं रिकामी केली होती. आज कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत परीक्षकांसमोर सहायक बंडेप्पाअण्णांनी चिमूटभर भुकटी यंत्रात घातली. शोषलेल्या गॅसचा आकडा हलेना.

"छिद्रं आधीच भरलेली दिसतात! बाटली कुणी उघडी ठेवली?" मी खेकसले.

"म्या, अक्का. काल खंडेनवमी व्हती न्हवं? कपाटात बाटलीपुढं कापराच्या वड्या ठिवल्या."

"झाकण कामून काढलं?"

"झाकलेल्याला पूजा कशी पोचंल?"

म्हणजे छिद्रांत कापराची वाफ भरली होती. संपलं सगळं.

परीक्षकांनी कपाट उघडलं, नाक आत घातलं. उघड्या बाटलीपुढं वड्या तशाच होत्या.

"मग इथं कापराचा वास का येत नाही? कुणी शोषला?"