मुंजाजीचा वस्तरा

दगडावर धार लावताना वस्तऱ्याच्या पाठीला चिकटपट्टी लावावी, म्हंजी पाठ घासत न्हाई, असं मुंजाजी म्हणायचा. मी म्हणायचो, धारेसंगं पाठबी घासलीच पायजे. पाथरीत आमची न्हाव्याची दुकानं समोरासमोर. बायको गेल्यापासून मी रोज दुपारी त्याच्याकडं भांडायलाच जायचो. दुसरं बोलायला होतं कोण?

परवा मुंजाजी गेला. वहिनींनी त्याचा वस्तरा मला दिला. पट्टीवर एक ओरखडा न्हाई, आन् ती काढली तर खाली पाठ घासून पार सपाट! गाढवानं जन्मभर माझ्यासारखीच धार लावली, आन् मी येताना दिसलो की पट्टी चिकटवली.

मी ती पट्टी परत लावली. आता त्याच्या बाजूनंबी मलाच भांडावं लागतंय.