बारकूची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. खाट म्हणालात तरी चालेल, पण पलंग म्हणू नका, त्याचा मला राग येतो. पलंग एकदा घरात शिरला की जन्मभर तिथंच ऐसपैस पसरतो. मी सकाळी उन्हात असते, दुपारी सावलीत, आणि पाहुणा आला की आधी मलाच हाक. सध्या माझ्या अंगावर एक कुत्रा घोरतो आहे. लांबून बघणारे त्याला वासरू समजतात. त्याचं नाव बारकू.

त्याच्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी तोंड उघडलं आहे. पण म्हातारं माणूस आधी स्वतःचं सांगतं, तेवढं ऐकून घ्या.

माझे पाय बाभळीचे आहेत. धूलकोटच्या एका सुताराने ते तासले, आणि निंबोल्याच्या सुकलालने सुतळी आणून आपल्या हाताने मला विणलं. त्याचं लग्न ठरलं होतं. नवी नवरी सरूबाई घरी आली तेव्हा मी इतकी ताठ होते की वर टाकलेलं लिंबू उसळी मारायचं. पुढं दिगंबर झाला, मग तृप्ती झाली, आणि दोन्ही वेळा बाळंतीण माझ्यावरच होती. खाली शेगडीत निखारे, वर शेपा-ओव्याची धुरी, मध्ये मी. धुराने डोळे चुरचुरायचे, पण कुशीत एवढंसं बाळ हुंकारलं की मी कुरकुरायचीसुद्धा नाही. शेजारणी म्हणायच्या, बाज गुणाची आहे. कुणी मागायला आलं तर सरूबाई सरळ नाही म्हणायची. बाळंतपणाची बाज ती उसनी देत नसे.

दिवस सारखे राहत नाहीत. सुकलाल गेला. पोरं मोठी झाली आणि दिगंबरने गुळगुळीत, रुंद असा डबल बेड आणला. मला घराला लागूनच्या मळ्यात, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेऊन टाकलं. तिथं खताच्या गोण्या होत्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्या. उंदरांनी माझी सुतळी कुरतडली. ज्या अंगावर लेकरं वाढली त्या अंगावर आता युरिया, असं मनात यायचं आणि मला फार वाईट वाटायचं.

त्या सुमाराला बारकू आला. कागद कारखान्याच्या कॉलनीत विनायकराव म्हणून एक साहेब राहायचे, दिगंबर त्यांच्याकडे केळी पोचवायचा. ते निवृत्त होऊन पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये निघाले. त्यांनी हौसेने ग्रेट डेन जातीचं पिल्लू घेतलं होतं. आणलं तेव्हा ते सगळ्या भावंडांत लहान, म्हणून नाव ठेवलं बारकू. वर्ष सरायच्या आत बारकूचं डोकं साहेबांच्या जेवणाच्या टेबलावरून फिरायला लागलं. फ्लॅटमध्ये तो मावणार नव्हता. साहेबांच्या बायकोने त्याचा पट्टा दिगंबरच्या हातात दिला आणि तोंड फिरवून आत निघून गेली, असं दिगंबरच पुढं सांगायचा.

"हे काय आणलं रे दिगू?" सरूबाई म्हणाली. "कुत्रं सांगून घोडं देलं का त्यायनं तुले?"

"आई, पूरे जिल्ह्यात असा नाही. पाहत राहशील तू."

एवढा मोठा देह, पण जीव सशाचा. शेळीचं करडू अंगावर आलं की हा सरूबाईच्या मागं. भुंकायचा क्वचित, पण एकदा भुंकला की केळीच्या पलीकडच्या बांधावरचा माणूस थबकायचा. त्याची खरी खोड वेगळीच होती. माणूस उभं दिसलं की जवळ जाऊन आपला सगळा भार त्याच्यावर टाकून रेलायचा. या जातीच्या कुत्र्यांची माया अशीच असते. सरूबाई भाकरी थापायला उठली की हा टेकलाच. ती म्हणायची, "सरक रे मेल्या, पडीन मी." तो सरकायचा नाही, आणि खरं सांगायचं तर तीही ढकलायची नाही.

तृप्ती बुरहानपूरला नर्सिंग शिकत होती. रोज बसने जायची आणि यायची. लसीच्या वेळी बारकूला जनावरांच्या डॉक्टरकडे तिनेच नेलं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, या कुत्र्याची छाती खोल असते. त्याला एकदम भरपूर खायला घालू नका, थोडं थोडं दोन-तीन वेळा द्या, आणि जेवल्यावर पळवू नका, पडू द्या. तिने घरी येऊन सगळं सांगितलं. दिगंबर "हो, हो" म्हणाला. आमच्याकडे हो म्हणण्याला पैसे पडत नाहीत.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सरूबाईला ओसरीच्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले. तिने मांजर हाकलली, कोंबड्या पाहिल्या, मग बारकूचा पुढचा पाय उचलला. कोपरावरची कातडी आधी निबर झाली होती आणि आता फुटली होती. एवढं वजन घेऊन कडक फरशीवर दिवसभर लोळायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

"याले मऊ आणि उंच पाहिजे काहीतरी," तृप्ती म्हणाली. "मोटारीच्या खोलीत बाज पडली आहे ना."

सरूबाई उसळलीच. "माझ्या बाळंतपणाची बाज आहे ती. तिच्यावर कुत्रं घालता? हात नका लावू."

मला ऐकू येत होतं. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवस तिने त्याच्या कोपराला हळद-तेल लावलं, तो चाटून टाकायचा आणि पुन्हा फरशीवर आडवा व्हायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारीच्या खोलीचं दार उघडलं. सरूबाई एकटीच होती. तिने माझ्यावरच्या गोण्या खाली ओढल्या, मला फरफटत लिंबाखाली आणलं, धुतलं, आणि दिगंबरला सुतळीऐवजी रुंद सुती पट्टीची नवार आणायला बाजारात पिटाळलं. विणून झाल्यावर वर जुनी चादर टाकून म्हणाली, "चढ मेल्या. आता तूच माझं तिसरं."

तो चढला आणि मी अशी दबले की पोट जमिनीला टेकतं की काय असं वाटलं. मग त्याने तीन गिरक्या घेतल्या, धाडकन अंग टाकलं आणि लांब सुस्कारा सोडला. किती वर्षांनी माझ्या अंगावर कुणी श्वास घेत होतं. मित्रांनो, माझा राग तिथंच संपला.

पुढची वर्षं सुखाची गेली. सरूबाईने त्याला वळण लावलं. ताटली ठेवायच्या आधी बसायचं, म्हणजे बसायचं. पोरांच्या अंगावर पाय टाकायचे नाहीत, कारण लहान कुत्र्याने उडी मारली तर कौतुक होतं आणि याने मारली तर माणूस दवाखान्यात. ऊन तापलं की ती गोणपाट भिजवून माझ्यावर घालायची. कोपरं भरून आली.

आता ऐका त्या दिवसाचं. थंडी पडली, वांगी धरली, की आमच्या तापीकाठी मळ्यामळ्यात भरीत पार्ट्या होतात. काड्याकाटक्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांबरोबर खायची. दिगंबरने त्या वर्षी अर्धा गाव बोलावला, शेजारचा टेम्पोवाला लोटूसुद्धा. दुपारची वेळ होती, मी लिंबाखाली होते, आणि बारकूला पाहायला सगळे माझ्याभोवती जमले.

आणि सुरू झाला आग्रह. तुम्हाला आमची रीत माहीत आहे. पाहुणा पुरे म्हणेपर्यंत वाढतात, आणि पुरे म्हटल्यावर आणखी एक वाढतात. ही रीत आम्ही कुत्र्यालाही लावली. "घे रे पैलवान, माझ्याकडून एक." "त्याच्याकडून खाल्ली, मग माझी काय कडू आहे?" पुरी, भरीत, पुरी, ताक. मोठ्या जिवाला मोठं पोट, असंच सगळे धरून चालले होते. बिचाऱ्याला पुरे म्हणता येत नव्हतं. तो शहाण्यासारखा बसायचा आणि दर बसण्याला एक पुरी मिळायची. सरूबाई आणि तृप्ती चुलीकडे पुऱ्या तळत होत्या, त्यांना यातलं काही दिसलं नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "दिगूभाऊ, पळतो कसा ते तर दाखव." दिगंबरने मोटारसायकलला किक मारली. बारकू त्याच्यामागं केळीच्या बांधाने पार नाल्यापर्यंत गेला आणि परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो माझ्यावर चढला आणि लगेच उतरला. पुन्हा चढला. एका कुशीवर झाला, उठला, दुसऱ्या कुशीवर झाला. त्याला ओकारी यायची, पण बाहेर नुसती लाळ. आणि त्याचं पोट, जे रोज माझ्या नवारीत मऊ पिठाच्या गोळ्यासारखं बसायचं, ते कडक झालं होतं. ते तट्ट फुगून बरगड्यांच्या वर येत होतं. मला कळलं, पण मी कुणाला सांगणार? मी जीव खाऊन कुरकुरले. दिगंबर म्हणाला, "आईची बाज आता मोडायला आली."

त्याला वाटलं गॅस झाला. त्याने ओव्याचं पाणी आणलं, ते बारकूच्या तोंडातून तसंच ओघळलं. सरूबाई चुलीवरून उठून आली आणि तिने मीठ-मिरच्या उतरवल्या. "एवढ्या जणांनी खातांना पाह्यलं, दृष्ट लागली माझ्या लेकराले." मिरच्या निखाऱ्यावर तडतडल्या. सगळ्यांना ठसका लागला, बारकूला मात्र खोकायलाही जोर नव्हता.

हात पुसत तृप्ती आली. तिने त्याच्या पोटावर बोटाने टिचकी मारली, आणि नगाऱ्यासारखा आवाज आला. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"दादा, किती खाल्लं याने?"

"सगळ्यांनी एक-एक..."

"आणि वरून पळवला तू." तिचा आवाज एकदम खाली आला. "पोटाला पीळ पडला आहे. डॉक्टरनी साफ सांगितलं होतं. लोटूभाऊ, गाडी काढा जल्दी. हा मरून जाईल."

दिगंबरने त्याला कवेत घ्यायला हात घातले. एवढं धूड, त्यात मधोमध दुमडलं. बारकू असा ओरडला की दिगंबरचे हात सुटले. तशात सरूबाई पुढं झाली. "बाजेसकट उचला," ती म्हणाली.

एका पायाशी दिगंबर, दुसऱ्याशी लोटू, तिसऱ्याशी तृप्ती. चौथ्याला सरूबाईने हात घातला.

"आई, तुझी कंबर."

"कंबर कुठी पळून नाही चालली. उचल."

लोटूचा केळीचा टेम्पो होता. केळीच्या पानांवर मला ठेवलं. बुरहानपूरपर्यंत सरूबाई माझ्या कडेला बसून त्याचं डोकं धरून होती आणि सारखं एकच म्हणत होती, "आलं, बाबू, आलं." खड्डा आला की मी चारही पाय रोवून धक्का स्वतःवर घ्यायचे. त्याच्या छातीचे ठोके माझ्या नवारीतून जाणवत होते. भराभर पडायचे, मध्येच चुकायचे. मी देवाला म्हटलं, माझे पाय मोडू दे, हे थांबू देऊ नको.

डॉक्टरांनी पाहताक्षणी पोटात सुई घालून हवा सोडली आणि त्याला आत नेलं. मी पडवीत रिकामी राहिले. सरूबाई माझ्यावर बसली. दिगंबर बसेना. भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेवटी म्हणाला, "आई, मी मारलं त्याले."

"रडू नको," ती म्हणाली. "आधी तो उठू दे. मग तुले पाहते मी." आणि तिने त्याचा हात ओढून त्याला माझ्यावर बसवलं. ज्या पोराला मी पहिल्यांदा अंगावर घेतलं होतं ते आता माझ्यावर बसून हमसून हमसून रडत होतं.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. पीळ सोडवला होता आणि पोट पुन्हा फिरू नये म्हणून आत टाका घालून जागेवर बसवलं होतं. "रात्र काढली तर वाचला," ते म्हणाले. बारकूने रात्र काढली. सकाळी सरूबाई आत गेली, तर त्याला उभंही राहता येत नव्हतं, पण तो सरकत सरकत आला आणि तिच्या पायावर रेलला. तिने या वेळी त्याला सरक म्हटलं नाही.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. बारकूचं तोंड पांढरं झालं आहे. मित्रांनो, या मोठ्या कुत्र्यांचं आयुष्य फार थोडं असतं. गल्लीतलं चिल्लर कुत्रं बारा-पंधरा वर्षं भुंकतं, आणि हे एवढाले देह आठव्या-नवव्या वर्षीच म्हातारे होतात. त्याची मागची कंबर धरते, म्हणून दिगंबरने मला चढायला विटांची एक पायरी रचली आहे. तो त्याला सकाळी, खायच्या आधी, पायी फिरवतो. दिवसातून तीनदा थोडं थोडं जेवण, आणि जेवल्यावर हा माझ्यावर, मग कुणी कलेक्टर आला तरी उठवायचं नाही. भरीत पार्टीत कुणी पुरी पुढं केली तर दिगंबर हात जोडतो. लोक नाराज होतात. होऊ देत.

आणि रोज संध्याकाळी सरूबाई येऊन माझ्या कडेला बसते. त्याच्या कोपरांवरून हात फिरवते, कान उलटून पाहते, आणि मग तळहात त्याच्या पोटावर ठेवते. पोट मऊ लागलं की उठते आणि स्वयंपाकाला लागते.

त्या दुपारी त्याचं पोट कडक होतं आहे हे सगळ्यांत आधी मला कळलं होतं, आणि मला काही करता आलं नाही. तुमच्या घरी असा मुका जीव असेल, लहान असो की मोठा, तर त्याला लाडाने भरवण्याआधी रोज एकदा हात लावून पाहा. मी बाज आहे, मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.