निजलेली टाकी

वाइनच्या कारखान्यात टाकीवरच्या पाटीवर खडूने एकच शब्द लिहिला होता, ‘निजली’. बुडबुडे थांबले आणि द्राक्षाचा आंबलेला रस काढून घेतला, की आधीच्या पाळीची माणसं तेवढंच लिहून मोकळी होत. ताईच्या पाळीत मात्र त्याचा अर्थ होता, पंखा लावून हवा खेळवलीय, खुशाल उतरा. एवढ्याशा शब्दाने घात केला.

ताई ब्रश घेऊन टाकीत उतरली. तिच्या पट्ट्याची दोरी कप्पीवरून वर उभ्या धाकटीच्या हातात होती. आत उतरणाऱ्याने अखंड बोलत राहायचं, हा तिथला नियम. ताईला तो जड नव्हता, तिचं तोंड एरवीही बंद नसे.

“काल तुझ्या हातचा चहा प्यायले,” खालून आवाज घुमला, “तेव्हापासून जिभेला...”

पुढे काही नाही.

“जिभेला काय? ताई? ए ताई!”

धाकटी टाकीच्या तोंडाशी वाकली. एक पाय शिडीवर गेलासुद्धा. तेवढ्यात, काम शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांचं खेकसणं आठवलं: “यीस्ट हवेवाचून जगतं. साखर फोडून ताकद घेतं, दारू आणि वायू मागे टाकतं. तो वायू तळाशी साचून बसतो. तू यीस्ट नाहीस, बाई! एकीमागे दुसरी उतरली की दोघी गेल्या.”

तिने पाय मागे घेतला. सख्ख्या बहिणीला खाली ठेवून पाय मागे घेतला, याची तिला स्वतःचीच किळस आली. मग ती किंचाळत दोरी ओढू लागली.

दंड पेटले. काकांनी तेही सांगितलं होतं. फार जोर लागला आणि हवा पुरेनाशी झाली, की आपले स्नायूही हवेवाचून साखर फोडतात, पण थोडाच वेळ. “थोडाच वेळ दे,” ती रडत हातांना म्हणत होती, “थोडाच दे रे बाबा.”

ताईचं डोकं वर दिसलं तेव्हा माणसं धावली.

दोन दिवसांनी दवाखान्यातून ताईला घरी सोडलं. दुपारी धाकटी कामावरून आली, तर आई दारातच ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “हळू गं. ताई निजली.”

धाकटीच्या हातातला डबा खाली पडला. ती धावत आत गेली आणि ताईच्या नाकाशी तळहात धरला.

ताईने एक डोळा उघडला. “जिभेला चव नाही,” ती पुटपुटली.

धाकटीला हसू आलं नाही. तिने हात तिथेच धरून ठेवला.