कापडाची गाठ

सातपूरच्या कामगार वसाहतीत सावळीरामाला त्याच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळ्यांसाठी तो 'घाऊक अण्णा'. साबण आणायचा तर पेटी, मीठ आणायचं तर गोण, आणि काडेपेट्यांचा साठा तर असा, की माळ्यावर ठिणगी पडली असती तर अख्खी गल्ली शेकली असती. "रोज रोज सुटं आणणाऱ्याचं घर बसतं," हे तो कंपनीत असताना मशीनवर सांगायचा, आणि आता रिटायर झाल्यावर मारुतीच्या पारावर सांगायचा.

वसाहतीत दर श्रावणात कीर्तन-सप्ताह बसे. सावळीराम टाळकऱ्यांत पहिल्या रांगेला, आणि त्याची बायको लंकाबाई बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून. कीर्तनाचं वेड दोघांनाही सारखंच. यंदा सप्ताहाच्या चौथ्या दिवशी बुवा ऐन रंगात आले होते. निरूपण करता करता त्यांनी एकदम सावळीरामाकडे बोट केलं.

"प्रपंच कसा करावा, तर आमच्या अण्णांसारखा! सगळं घाऊक! पण अण्णा, एक वस्तू तुम्हाला घाऊक आणता आली नाही. कोणती? श्वास! ते दुकान त्याचं. तिथं पेटी मिळत नाही, गोण मिळत नाही. एक घ्यायचा, तो परत करायचा, मग दुसरा मिळतो. आणि एखाद्या दिवशी आपण परत करतो, आणि दुकानदार म्हणतो, संपला माल!"

मंडप हसला. मृदंगावर थाप पडली. सगळ्यांत मोठ्यानं सावळीरामच हसला. पलीकडे लंकाबाईनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर बाराव्या दिवशी, लंकाबाईच्या पोटात दुखतं म्हणून केलेल्या तपासणीचा कागद घेऊन डॉक्टरांनी सावळीरामाला एकट्याला आत बोलावलं. पडद्यावरचं काळंपांढरं काहीतरी दाखवलं.

"गाठ आहे. यकृतापर्यंत गेलीय. आता ती उघडण्यात अर्थ नाही. हात लावला तर उलट लवकर..." डॉक्टरांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

"किती?"

"दिवाळी बघतील. कदाचित."

बाहेर बाकावर लंकाबाई चपलेचा तुटलेला अंगठा दोऱ्यानं बांधत बसली होती. ती गोधड्या शिवायची, त्यामुळे पिशवीत सुईदोरा कायमचाच. दोरा दातानं तोडून तिनं वर पाहिलं.

"काय म्हणले?"

"सूज हाय आतड्याला. गोळ्या दिल्यात. तेल-तिखट बंद."

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. एकुलत्या एक मुलीला, अंजलीला तर नाहीच. अंजली निफाडला दिली होती आणि तिला सहावा महिना होता. दोन वर्षांपूर्वी असाच पाचवा-सहावा असताना लंकाबाईनं हौसेनं बाळासाठी इवलीशी गोधडी शिवली होती, चारी कोपऱ्यांना फुलं काढून. सातव्यात बाळ पोटातच गेलं. अंजलीच्या सासूबाई भांडखोर बाई नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बाळाचं आधी शिवू नाय, विहीणबाई. घाई नडली." तेवढं एक वाक्य. पण लंकाबाईनं ते काळजात टोचून ठेवलं. ती गोधडी तिनं टाका न् टाका उसवली आणि पुढं सहा महिने सुई हातात धरली नाही. आता पुन्हा दिवस राहिले, तेव्हा आठ महिने झाले काय नि नऊ झाले काय, बाळासाठी चिंधीसुद्धा निवडायची नाही असं तिनं मारुतीसमोर कबूल केलं होतं.

बाळ यायचं मार्गशीर्षात. आणि डॉक्टर म्हणाले होते दिवाळी.

हे गणित सावळीरामाला एकट्याला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी हरिपाठाला बसला की ते त्याच्या जिभेवर येई आणि तो गिळून टाकी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लंकाबाई म्हणाली, "द्वारका चौकात चला. हिवाळ्याच्या गोधड्यांचं कापड आणायचंय. बद्रुद्दीनभाईंकडं नवा माल आलाय म्हणतेत."

"पुढच्या आठवड्यात जाऊ."

"उद्या पोळा, मग गणपती. आजच."

द्वारकेच्या चौकामागं, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांच्या रांगेत बद्रुद्दीनभाईंचं गोदाम होतं. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायकांकडची सुती लुगडी आणि पातळं तिथं येत. ती धुऊन, दाबून, गोणपाटात आवळून, वर लोखंडी पट्टी मारून त्यांच्या गाठी बांधत. गोधडीच्या पोटात घालायला असलं झिजलेलं सुतीच लागतं. नवं कापड अंगाला ओळख देत नाही. सुटं हवं तर किलोवर, नाहीतर अख्खी गाठ, तिला भाव निम्मा.

"या भाभी!" बद्रुद्दीनभाई तराजूमागून उठले. "आणि आज खुद्द घाऊक अण्णा! म्हणजे आज गाठच जाणार. सुट्याची बात नाही."

लंकाबाईनं एका गाठीवर तळहात ठेवला. गोणपाट फाटलं होतं तिथून फिकट पिवळं काहीतरी डोकावत होतं. तिनं ते दोन बोटांत धरलं.

"लय मऊ हाय हो."

"जुनं सुती आहे भाभी. पन्नास वेळा धुतलेलं. लहान पोराच्या गालाला लावा, पोरगं जागं होणार नाही."

लंकाबाईची बोटं जागच्या जागी थांबली. मग ती म्हणाली, "फोडून दाखवा की जरा."

"नाही भाभी. गाठ फोडायची नाही. फोडली की तिचा भाव गेला. आत काय निघंल ते आपलं नशीब."

पडद्यावरचं ते काळंपांढरं पुन्हा सावळीरामाच्या डोळ्यांपुढं आलं. आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात कुठल्या दुकानात म्हटलं नव्हतं, ते तो म्हणून बसला:

"दोन किलो सुटं दे बद्रुद्दीनभाई. पुरे."

बद्रुद्दीनभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय म्हणता? घाऊक अण्णा सुटं मागतात? अहो, आज द्वारकेला ट्रॅफिक पण जाम होणार नाही बघा!" आणि ते एकटेच हसले.

लंकाबाई हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. भाकरी फुगते की नाही हे बघताना ती तव्याकडे जशी बघायची, तशी बघत होती. मग ती हळूच गाठीवर बसली.

"भाई, थोडं पाणी देता का?"

बद्रुद्दीनभाई माठाकडे गेले. ती खालच्या आवाजात बोलायला लागली.

"गोळ्या पण तुम्ही सुट्याच आणल्या. आठ दिवसांच्या. तव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणलं, वर्षाची हळद एकदम आणणारा माणूस बायकोच्या गोळ्या आठच दिवसांच्या कशा आणतो."

"मेडिकलमधी नव्हत्या..."

"चाळीस वर्षं झाली आपल्याला. खोटं तुम्हाला सुटं पण बोलता येत नाय." तिनं पदराच्या टोकाला उगाच पीळ दिला. "किती हायेत तेवढं सांगा."

सावळीरामानं गोदामाच्या पत्र्याकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं.

"दिवाळी."

"दिवाळीच्या अलीकडं का पलीकडं?"

लंकाबाई अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवू लागली. भाद्रपद, आश्विन. एक मोठी गोधडी हातानं शिवायला पंधरा दिवस. अंगठा एका पेरावर येऊन थांबला आणि पुढं गेला नाही.

"मार्गशीर्ष नाय यात," ती म्हणाली.

"लंके..."

"रडू नका इथं. भाई येतेत."

तांब्या वर धरून ती पाणी प्याली, सगळं, न सांडता. मग उठून गाठीवर थाप मारली, जशी एखादी बाई म्हशीच्या पाठीवर मारते.

"भाई, ही गाठ रिक्षात टाका. न फोडता. आन् दोऱ्याचा अख्खा खोका द्या."

"अगं, कशाला एवढं..."

"घाऊक घेतलं की स्वस्त पडतं ना?" ती म्हणाली. सावळीरामाला खाली बघावं लागलं.

रिक्षात गाठ दोघांच्या मध्ये बसली, सोयरा बसावा तशी. मुंबई नाका मागं पडला. मग लंकाबाईनं त्या फाटलेल्या भोकात बोट घातलं.

"तुम्हाला वाटलं, मी येड्यावानी गाठ घेतली. पण दोन किलो सुटं घेतलं असतं, तर एकेक फडकं हातानं निवडावं लागलं असतं. निवडलं की कशासाठी निवडलं ते मनाला कळतं. मनाला कळलं की देवाला कळतं. ह्यात मी काय निवडलं? काय नाय. मी कुणासाठी काय घेतलंच नाय. गाठ घेतली. आत जे निघंल ते निघंल."

सावळीरामाला तेव्हा समजलं, आणि समजल्यावर त्यानं दुसऱ्या बाजूला तोंड केलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि उगाचच गाण्याचा आवाज कमी केला.

घरी त्यानं पकडीनं पट्टी तोडली. गाठ दम सोडल्यासारखी फुगली आणि फरशीभर पसरली. कुणाकुणाची लुगडी. कुठं हळदीचा डाग, कुठं निखाऱ्याचं भोक, एका पदराच्या टोकाला अजून गाठ मारलेली, सोडली तर आत सुकलेली सुपारी. सगळ्यांत खाली ते फिकट पिवळं पातळ. लंकाबाईनं ते बाजूला काढलं नाही. तिनं ते तिथंच ठेवून पहिली गोधडी सुरू केली.

गणपती बसले, उठले. पहिली गोधडी झाली. दुसरी झाली. तिची मनगटं बारीक होत गेली आणि बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. डोळे पिवळे पडले. नवरात्रात अंजली आली. तिला कुणी काही सांगितलं नाही आणि सांगावंही लागलं नाही. ती दारातच मटकन बसली. लंकाबाई म्हणाली, "पोटाला जपून बस गं, जोरात बसू नको," आणि पुढचा टाका घातला.

तिसरी गोधडी तिनं मध्येच सोडली आणि न बोलता पिवळं पातळ ओढलं. हात-दीड हाताची घडी. टाके इतके बारीक की तांदळाचे दाणे मांडावेत तसे. सावळीराम शेजारी बसून हरिपाठ म्हणायचा, ती ओठ हलवायची. तीन कोपऱ्यांना तिनं फुलं काढली. चौथ्याशी येऊन थांबली.

"हा उघडा ठेवते."

"का गं?"

"पुरी झाली नाय म्हणजे शिवली नाय. शेवटचे टाके अंजूनं घालायचे. बाळ रडलं, अंगावर प्यालं, मगच. आन् दोऱ्याची शेवटची गाठ तिनं मारायची."

"देवाला फसवतीस होय?"

"फसवत नाय. त्याला बघून न बघितल्यासारखं करता यावं एवढी जागा ठेवतीय." ती थोडा वेळ धापा टाकत बसली. "त्याला पण लाज आसंल ना जराशी."

तिनं सुईत लांब दोरा ओवला आणि सुई त्या उघड्या कोपऱ्यात टोचून ठेवली.

वसुबारसेच्या पहाटे ती गेली. वसाहतीत बायका दारापुढं गाय-वासराच्या रांगोळ्या काढायला उठल्या होत्या. सावळीराम तिचा हात धरून बसला होता. तिनं एक श्वास परत केला. तो दुसऱ्याची वाट बघत बसला. बराच वेळ बसला. बाहेर कुणाच्या तरी बादलीची कडी वाजली. मग त्यानं हात खाली ठेवला.

त्या दिवाळीत त्यांच्या दारी पणती लागली नाही. एवढा मोठा तेलाचा डबा माळ्यावर तसाच.

मार्गशीर्षात निफाडला अंजलीला मुलगी झाली. धडधाकट, आवाजाची. बाराव्या दिवशी सावळीराम बसनं गेला. पिशवीत गोधडी, तिच्यात सुई. अंजलीच्या सासूबाईंनी गोधडी हातात घेतली, तीन कोपरे पाहिले, चौथा पाहिला. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

अंजली भिंतीला टेकून शिवायला बसली. तिला आईसारखं जमत नव्हतं. तिचे टाके मोठे, वाकडे पडत होते. आईच्या बारीक टाक्यांची ओळ जिथं संपली होती तिथून तिची ओळ सुरू झाली आणि ती डोळे मिटूनही वेगळी कळली असती. टाके संपले.

"बाबा, शेवटची गाठ आई कशी मारायची?"

सावळीरामानं तोंड उघडलं. चाळीस वर्षं ती बाई त्याच्यासमोर बसून शिवत होती. त्यानं तिला कापड आणून दिलं, दोरा आणून दिला, पेटीच्या पेटी, खोक्याच्या खोके. आणि तिची बोटं शेवटी काय करायची ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"म्हाईत नाय गं," तो म्हणाला.

अंजलीनं तिला जमली तशी गाठ मारली. मोठी झाली, हरभऱ्याएवढी. बाळाच्या गालाला टोचू नये म्हणून तिनं ती सुईच्या टोकानं दोन पदरांच्या आत ढकलली आणि दोरा दातानं तोडला.

बाळाला गोधडीवर निजवलं. ते जागं झालं नाही. सावळीरामानं कोपऱ्यावरून हात फिरवला. गाठ वरून दिसत नव्हती. पण बोटाला लागत होती.