हातांचं कपाट

आमच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचे हात प्रवेशाच्या दिवशी मनगटापासून काढून ठेवतात. रक्त येत नाही, दुखतही नाही. डीन सरांच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. उजवे हात वरच्या फळीवर आणि डावे खालच्या, म्हणजे ते एकमेकांकडून काही शिकणार नाहीत. तिसऱ्या वर्षी परत मिळतात. तोवर मुलांनी फक्त ऐकायचं. मेसमध्ये वाढपी त्यांना भरवतो.

मी तिथे सर्जरी शिकवते. माझेही हात मला असेच परत मिळाले होते, भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगलेले आणि भित्रे. अजूनही कुणी आवाज चढवला की डावा मूठ करून लपतो. मला त्याचा राग येत नाही. कपाटाचा येतो.

म्हणून यंदा मी कपाटाच्या दाराखालच्या फटीतून केळ्याच्या साली, सुया आणि दोरा आत सरकवला. चोरून नाही, भर दुपारी, सगळ्यांदेखत. मग वर्गात जाऊन टाके शिकवायला लागले.

"सुई कातडीत काटकोनात शिरली पाहिजे," मी म्हणाले. "तिरकी शिरली तर कातडी फाटते. आणि गाठी सगळ्या जखमेच्या एकाच बाजूला."

पहिल्या बाकावर केतकी सरनोबत बसते. ती दचकली.

"टोचलं बघा मॅडम. डाव्या अंगठ्याला."

तिच्या दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबत होत्या.

"टोचणारच. परत कर."

तिने डोळे मिटले. "जमायला लागलंय की," ती म्हणाली आणि हसली. पहिल्या वर्षाच्या कुणाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला.

डीन सर दारात उभे होते. "पाटणकर मॅडम, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. हे तिसऱ्या वर्षाचं काम. नियम आहे."

ते 'नियम' म्हणाले की आमचा वर्ग एका बाकाने आखूड होतो. मागची भिंत पुढे आली. शेवटच्या बाकावरची मुलं उठून पुढच्यांच्यात दाटीवाटीने बसली.

"तिसऱ्या वर्षी समोर जिवंत माणूस असतो, सर. पहिला टाका त्याच्यावर कशाला? केळ्याची काही तक्रार नसते."

"नियम," ते म्हणाले.

मी शिकवत राहिले आणि ते रोज येऊन म्हणत राहिले. भिंतीपलीकडे त्यांचंच ऑफिस आहे, भिंत सरकते तसं तेही सरकतं. शेवटी मुलं माझ्या टेबलाला टेकली आणि कपाटातून दोरा ओढल्याचा आवाज भिंतीतून स्पष्ट ऐकू यायला लागला.

"तुमचे हात जमा करा," डीन सर म्हणाले. "संध्याकाळी हॉस्पिटलच्या कचऱ्याची गाडी आली की ते भट्टीत जातील. तोवर कपाटात ठेवा."

"देऊ नका मॅडम," केतकी म्हणाली.

"देते की. आत शिकवायला कुणीतरी हवंच होतं."

मी मनगटं पुढे केली. या वेळी डावा लपला नाही.

संध्याकाळी गाडी आली. मी आणि सगळी मुलं ऑफिसात गेलो. डीन सरांनी कुलूप काढलं. आत सगळे हात एकमेकांना शिवलेले होते, मनगटाला मनगट, वरची फळी खालच्या फळीला. टाके बारीक होते आणि गाठी एकाच बाजूला. डीन सरांनी एक हात ओढून पाहिला, तर सगळेच हलले.

"यातले तुमचे कोणते?"

मी नीट निरखून पाहिलं. सगळेच माझे वाटत होते.

"ओळखू येत नाहीत, सर."

"सरनोबत, तू सांग. तुझे कोणते?"

"मला बी न्हाई येत ओळखायला," केतकी म्हणाली. मागच्या सगळ्यांनी नकाराच्या माना हलवल्या.

डीन सरांनी आत हात घातला. "नियम," ते म्हणाले.

कपाटामागची भिंत पुढे आली, तिच्याबरोबर कपाटही आलं, आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. खालच्या फळीवरच्या एका हाताने त्यांच्या मनगटाची कातडी चिमटीत धरली. शेजारच्या हाताने सुई उचलली. त्याने ती काटकोनात धरली होती.