कापूसबाबानं विचारलेला प्रश्न

कापूसबाबाच्या दारात सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत बाबा एका बाईच्या पाठीवरून पांढराशुभ्र कापूस फिरवत होता. तो त्यानं वाटीतल्या पिवळसर पाण्यात बुडवला आणि पाणी शाईसारखं काळंनिळं झालं.

"बघा, रोग उतरला! डॉक्टर कापतात, आम्ही नुसतं पुसतो!"

लोकांनी हात जोडले. त्यांत माझी ताईही होती. तिला स्तनाचा कॅन्सर. तीन केमो झाल्या होत्या, चौथीला जायला ती तयार नव्हती.

मी वीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. असल्या भोंदूंचा मला आता रागही येत नाही, कंटाळा येतो. पुढं होऊन मी त्याच्या पुडक्यातला कापूस उचलला, टेबलाच्या पायावरून फिरवला आणि पुढच्या रुग्णासाठी भरून ठेवलेल्या दुसऱ्या वाटीत बुडवला. पाणी काळं!

"अरेरे, टेबलालाही रोग!" मी म्हणालो.

"नास्तिकाचा हात लागला!" बाबा ओरडला.

"हात कसला, खळ लागली. कापूस कपड्यांच्या खळीत भिजवून वाळवलाय आणि पाण्यात जखमेवरचं आयोडिन आहे. दोन्ही एकत्र आले की काळं होतंच."

गर्दीनं बाबाला घेरलं. मी गड जिंकल्याच्या थाटात ताईला बाहेर आणलं.

"आता घेशील ना चौथी केमो?"

"नाही."

"अगं, आत्ताच तुझ्या डोळ्यांदेखत..."

"कापसाचं मला काय करायचंय? मी आले की बाबा विचारायचा, 'कॅन्सरची भीती वाटते का?' मग तासभर ऐकायचा. घरात तुम्ही कॅन्सरचं नावही घेत नाही. मी रडले की हे टीव्ही लावतात आणि तू म्हणतोस, 'छे, काही होत नाही.' मी बोलायचं कुणाशी?"

खरं होतं. ती खचेल म्हणून आम्हीच ठरवलं होतं, 'कॅन्सर' शब्द टाळून 'गाठ' एवढंच म्हणायचं. मला माझीच लाज वाटली.

"भीती वाटते का, ताई?"

"खूप वाटते रे."

ती एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ बोलत राहिली. मी फक्त ऐकलं.

सोमवारी तिला रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांच्या दारावरून मी रोज कामाला जातो, पण आत कधी डोकावलो नव्हतो. ताई तिथंही तासभर बोलली, मग स्वतःच उठून केमोला गेली.

बोलण्यानं गाठ विरघळत नाही, तिला औषधच लागतं. पण भीतीत एकटा पडलेला माणूस औषध सोडतो आणि मिळेल त्या दारात जाऊन बसतो. चमत्कार जरूर तपासा. त्याआधी आपल्या माणसाला विचारा, भीती वाटते का. तुम्ही नाही विचारलंत, तर कुणीतरी बाबा विचारेल.