वायंडिंगवाल्या ताईंचा सत्कार

“अजून किती वेळ?” ताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“पाहुणे निघालेत,” निवेदिका म्हणाली. गेले दोन तास ते निघतच होते.

ताईंचा जीव गाळ्यात अडकला होता. जळालेल्या विजेच्या मोटारींचं वायंडिंग करून देणं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळणं, हा त्यांचा धंदा. औद्योगिक वसाहतीतला एक गाळा, हाताखाली चौघी आणि पाचव्या त्या स्वतः. रुग्णालयाच्या पंपाची मोटार आज चारपर्यंत द्यायची होती. त्यात सकाळी चिमणीनं, त्यांच्याकडच्या सगळ्यात चलाख हाताच्या पोरीनं, खाली बघत सांगितलं होतं, “ताई, मी उद्यापासून येत नाही.”

“का गं? पगाराचं काही आहे का?”

“नाही हो. डॉक्टर म्हणाल्या, दिवसभर लघवी अडवून ठेवतेस, म्हणून हा त्रास. दोनदा औषध झालं. सासूबाई म्हणतात, पुरे झालं आता.”

अख्ख्या वसाहतीत बायकांसाठी संडास नव्हता. दहा मिनिटं चालत पेट्रोल पंपावर जायचं, तेही दोघी-दोघींनी. ताईंनी अर्ज दिला त्याला तीन वर्षं झाली. वसाहतीच्या कार्यालयात इतके खेटे घातले की त्यांना लांबून बघूनच शिपाई म्हणायचा, “साहेब मीटिंगमध्ये.”

आणि तेच साहेब आज ‘सक्षम उद्योजिका’ म्हणून त्यांचा सत्कार करणार होते.

पाहुणे एकदाचे उगवले. साहेब बोलायला उठले. “स्त्री कमावती झाली की देश पुढे जातो. या ताईंकडे बघा.” सगळ्यांनी बघितलं. ताईंना कानकोंडं झालं. मग मानचिन्ह हातात आलं आणि पाठोपाठ माइक. “दोन शब्द बोला.”

“सात जणींना मी काम शिकवलं,” ताई म्हणाल्या. “हात बसायला वर्ष जातं. तिघी सोडून गेल्या, चौथी उद्या जाईल. काम जमत नाही म्हणून नाही. वसाहतीत बायकांना संडास नाही म्हणून. साहेब, अर्ज तुमच्याच टेबलावर आहे. हे मानचिन्ह नको मला. अर्जावर सही तेवढी करा.”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. साहेबांनीसुद्धा. “ताईंचा स्वभाव फार मोकळा,” ते हसत म्हणाले. “आपण नंतर निवांत बसू.” आणि सगळे जेवायला गेले.

मोटार साडेपाचला पोचली. रुग्णालयाची बोलणी खाऊन ताई गाळ्यात परतल्या आणि टेप घेऊन मागचा कोपरा मोजू लागल्या. कॉइल गुंडाळायच्या स्वयंचलित मशीनसाठी त्यांनी तो वर्षभर मोकळा ठेवला होता. मशीन पुढच्या आठवड्यात यायचं होतं.

त्यांनी विक्रेत्याला फोन लावला. “मशीन राहू दे.”

“बघा हं ताई, तुमच्या शेजारच्या गाळ्यातले काका मागतायत.”

“द्या त्यांना.”

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. “इथं मशीन बसणार होतं ना?”

“होतं. आता संडास बसव. आणि कडी आतून नीट लागली पाहिजे.”

काम झाल्यावर ताई स्वतः जाऊन चिमणीच्या सासूबाईंना घेऊन आल्या. सासूबाईंनी नळ सोडून बघितला, दार लावून कडी दोनदा खटखटवली. “बरं आहे,” एवढंच म्हणाल्या. सोमवारी चिमणी कामावर आली.

त्याच दुपारी शेजारचे काका दारात. “ताई, आमच्याकडच्या तिघी इथं आल्या तर चालेल का?”

“येऊ द्या. मंगळवारी नि शुक्रवारी धुवायची पाळी तुमची.”

“सांगतो त्यांना.”

“त्यांना नाही. तुमची म्हटलं मी.”

काका हसले. ताई हसल्या नाहीत. मंगळवारी काका बादली नि ब्रश घेऊन आले, मुकाट्यानं धुऊन गेले.

ते गेल्यावर भिंतीपलीकडे नवं मशीन सुरू झालं. ताई हातानं कॉइल भरत होत्या. त्या घरघरीत एकशे बाराव्या की तेराव्या वेढ्यावर त्यांची मोजणी चुकली. त्यांनी तार सगळी उलगडली, बोटांनी सरळ केली आणि पहिल्या वेढ्यापासून पुन्हा सुरुवात केली.